गयाबाई, तुझा घसा बसलाय

आज सकाळपर्यंत तुझा घसा बसलेला होता, गयाबाई. बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या आणि पडून राहायचं. भर उन्हात बर्फ घातलेला उसाचा रस प्यालीस, त्याचा हा प्रताप.

सगळं मीच रचलं. त्या दिवशी चितेगावला तुझ्या अंगणात तुला शेवटची आंघोळ घातली, माणसं तुला घेऊन गेली आणि मी पडेगावला घरी परतले. मागच्या दारानं न्हाणीत शिरून डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेर आले तर ऋतुजा दारातच उभी. पोट हातानं सावरलेलं, पाय सुजून भोपळे झालेले.

"आजी, या वेळी डोक्यावरून आंघोळ?"

"उकडतंय."

"आणि गयाआजी सकाळपासून फोन का उचलत नाहीत?"

मला घसा सुचला. आणि घसा काही असाच बसत नाही, म्हणून रस सुचला. ती अशी भडकली म्हणतेस! "शुगर असून उसाचा रस? थांब, बरं होऊ दे त्यांना, बघतेच." गेल्यावरसुद्धा तू बोलणी खाल्लीस, गयाबाई, आणि तीही माझ्यामुळं.

ऋतुजा म्हणजे माझ्या मुलाची, सुरेशची मुलगी आणि तुझ्या नातवाची, अमोलची बायको. हे तुला काय सांगायचं? पण आपल्या दोघींचं नेमकं नातं काय, हे कुणालाच धड सांगता आलं नाही. विहिणी म्हणाव्यात तर त्या आपल्या सुना. आपण विहिणींच्या सासवा. लग्नात मी तुला "अहो आजीबाई, बसा ना" म्हटलं, तर तू वर बघून म्हणालीस, "अहो-जाहो कामून करती? मी काय तहसीलदार हाय का?" तिथून तू मला 'बाई' म्हणायला लागलीस, कारण मी शाळेत बाई होते, आणि मी तुला 'तू'. मानपानाचा हिशेब सुनांवर सोपवून आपण मांडवाच्या मागं गप्पा मारत बसलो. तुझ्या सुनेला वाटलं मी तिच्या चहाड्या ऐकतेय. ऐकतच होते म्हणा.

ऋतुजाला सहावा महिना लागला आणि तिला ते ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासलं. साखर निघाली. पुढच्या भेटीला तू चितेगावहून तिच्याबरोबर आलीस, मी इकडून गेले. दारावर पाटी होती, पेशंटबरोबर एकच नातेवाईक. तू म्हणालीस, "मला वाचता येत नाय," आणि आत शिरलीस. मी चाळीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं होतं, तरी तुझ्या मागोमाग मीही शिरले.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. शरीर इन्सुलिन तयार करतंय, पण शरीरच त्याला दाद देत नाही. दिवस गेल्यावर वारेमुळं असं थोडंफार सगळ्याच बायकांचं होतं. हिला मात्र आधीपासून पीसीओडी, रक्तात चरबी जास्त, म्हणून हिचं जास्त; मानेवरचा हा काळा पट्टा त्याचीच खूण. मग साखर रक्तातच फिरत राहते, वारेतून बाळाकडं जाते, बाळ नको तेवढं वाढतं. आईचं बीपी चढू शकतं. आणि लक्ष दिलं नाही तर दिवस भरत आल्यावर बाळ पोटातच... ऋतुजाचा चेहरा बघून त्या तिथंच थांबल्या.

तू म्हणालीस, "म्हंजे पाव्हणा दारात हुभा, आन घरातलं कुनी कडीच काढीना."

"अगदी तसंच, आजी," म्हणून त्या हसल्या. आम्ही सगळ्याच हसलो. तू हसली नाहीस. तू डोक्यावरचा पदर मागं सारलास, मान पुढं केलीस.

"ह्यो आसाच पट्टा का? मव्ही मान आदीपासून काळी. लगनाच्या हळदीला चुलतीनं घासू घासू सालटं काढली, पन गेली नाय. मव्हं पयलं लेकरू जगलं. त्याच्या मागचे दोन भरल्या दिसांत पोटात गप झाले. तव्हा मव्हीबी साखर व्हती का?"

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आजी, आता मागं जाऊन ते तपासता येत नाही. असू शकेल."

"आसू शकंल म्हंजे? व्हती का नव्हती?"

"खरंच नाही सांगता येणार."

बाहेर आल्यावर ऋतुजा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, इन्सुलिनची सुई पोटात टोचायची म्हणून. तू बाकावर बसून मानेवरून हात फिरवत होतीस.

त्या मानेवरून नंतर आपण किती हसलो. मी तुला सांगितलं, मी नवी नवी शिक्षिका असताना दर सोमवारी मुलींची नखं आणि माना तपासायचे. मान काळी दिसली की नळावर पाठवायचे, "घासून ये!" केवढा माझा तोरा! अंबाडा असा घट्ट बांधलेला की भुवया वर ओढल्या जायच्या, हातात पट्टी, आणि जगातली सगळी अस्वच्छता आपण मे महिन्याच्या सुट्टीच्या आत संपवणार अशी खात्री. नळावरून बिचाऱ्या तशाच परत यायच्या, ओल्या फक्त. तू पोट धरून हसलीस. "मव्ही मान पायली आसती तं तू मला जल्मभर हापशावरच बसवलं आसतंस गं बाई."

आणि ती सुदृढ बालकांची स्पर्धा! आमच्या गल्लीतल्या गणपतीत असायची. मुलाला तराजूत टाकायचं, जो जड त्याला स्टीलचा डबा. माझा सुरेश म्हणजे शेवग्याची शेंग. मी बाई वजनाच्या आधी त्याला घोट घोट करून तांब्याभर पाणी पाजलं. तराजूत ठेवल्याबरोबर त्यानं परीक्षकांच्या धोतरावर सगळं परत केलं. डबा गेला शेजारणीच्या गोळ्याला. मी त्या शेजारणीशी पुढच्या गणपतीपर्यंत बोलले नाही. मला वाटायचं, ही बाई काहीतरी खाते आणि मला सांगत नाही.

"मव्हं पोरगं आनलं आसतं तं तिलाबी डबा मिळाला नसता," तू म्हणालीस. "आसं भरीव व्हतं, सुईन म्हनली दोन म्हयन्याचं जन्मलं." मी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या वजनात काय असेल ते आपल्या दोघींच्या एकदमच ध्यानात आलं.

सातव्या महिन्यात ऋतुजा पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली, तशी तूही दर आठवड्याला यायला लागलीस. सून म्हणायची, तुमचंही माहेरपण आहे की काय. पिशवीत शेतातली मेथी, गवार, ज्वारीचं ताजं पीठ. तिला भात कमी करून भाकरी आणि भाज्या सांगितल्या होत्या. डिंकाचे लाडू तू आधी करून ठेवले होतेस. ते तूच मुकाट्यानं शेजारपाजारी वाटून टाकलेस. मला वाटलं होतं लाडवांवरून आपलं भांडण होणार. मी तयारीतही होते.

भांडण भलत्यावरच झालं. तुझ्या त्या प्रश्नावरून.

मी शहाणी. मी म्हटलं, "असणारच गं साखर. तुझ्यात काही खोट नव्हती."

"खोट नव्हती ते मला म्हायतीय. सासू म्हनली तिन्हीसांजंला हिरीवर गेली. जाव म्हनली चिचा खाल्ल्या. म्या कव्हाच मनावर घेतलं नाय. तू मला समजावू नको, बाई. व्हती का नव्हती, तेवढंच सांग."

"समज, होती. मग?"

"मंग वाचले आसते की गं."

मी भाकरीचा तुकडा मोडला होता. तो परत ताटात ठेवला.

"नशीब व्हतं तवर बरं व्हतं," तू म्हणालीस. "नशिबाला कोन काय इचारनार? साखर तं मोजता येती."

मी तुला सोडवायला गेले आणि आणखीच अडकवून आले. पुढच्या खेपेला मी दुसऱ्या टोकाला गेले. म्हटलं, "गयाबाई, मी विचार केला. नसेलही साखर. पोटातलं मूल जायला हजार कारणं असतात."

"मागल्या खेपंला तं व्हती म्हनलीस."

"आता नाही म्हणतेय."

"तू तं पुढाऱ्यावानी झाली. सकाळी येक, संध्याकाळी येक."

हसलीस, पण डोळे माझ्यावरच होते. अजून काहीतरी मी सांगेन, असं तुला वाटत होतं. सगळं आयुष्य मी फळ्यापुढं उभी राहून उत्तरं देण्यात घालवलं, आणि तुला हवं होतं ते उत्तर कुणाजवळच नव्हतं. त्या काळी तुझ्या रक्ताचा एक थेंब कुणी तपासला असता तर मिळालं असतं. कुणी तपासला नाही. तुझ्या दोन्ही लेकरांची तोंडंही तुला दाखवली नाहीत. सुईण एवढंच म्हणाली, "लई वजनदार व्हतं गं." त्यांच्याबद्दल तुला तेवढंच ठाऊक होतं. ते मुलगे होते की मुली, हे मी तुला विचारलं नाही. विचारू का, असं प्रत्येक वेळी मनात यायचं, आणि तू तेवढ्यात गवार मोडायला घ्यायचीस.

म्हणून तर तू रोज सकाळी ऋतुजाला फोन करायचीस. साखर किती, बीपी किती, ते आकडे तू ऐकून घ्यायचीस, पण तुझा खरा प्रश्न शेवटी यायचा. "हललं का गं आज?" ती हो म्हणाली की लगेच फोन बंद. रामराम नाही, काही नाही. ऋतुजा हसायची, "गयाआजी टेलिग्राम करतात." मला माहीत होतं तू काय ऐकायला फोन करतेस. तुझी ती दोन्ही लेकरं पोटात गप झाली, तेव्हा तू कुणाला सांगणार होतीस?

आणि मग तूच गेलीस. पहाटे घाम फुटला, "जीव घाबरतोय" म्हणालीस, पाणी मागितलंस, आणि अमोल गाडी काढेपर्यंत संपलं. छातीत दुखतंय असंही म्हणाली नाहीस. साखरवाल्यांचं म्हणे काळीज नीट दुखतसुद्धा नाही.

तुझ्या अंगणात सगळे मला विचारायला लागले, ऋतुजाला सांगायचं की नाही. तिचं बीपी त्याच आठवड्यात चढलं होतं, लघवीत प्रोटीन दिसायला लागलं होतं. सुरेशनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "खोटं बोला, असं मी सांगणार नाही. तिचं बीपी मला हवं तसं नाही. थोडे दिवस भरू देऊ, नाहीतर लगेच बाळंतपण करू. घरातलं तुम्ही ठरवा." तुम्ही ठरवा म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, मी सगळ्यांत म्हातारी म्हणून. मी तुझ्याकडं बघितलं. तू तर नाकात कापूस घालून मोकळी झाली होतीस.

"मी सांभाळते," मी म्हटलं. तपासणीला साहेब आले की रिकामा वर्ग भरलेला दाखवायची कला माझ्या अंगात आहे, असा माझा जुना गैरसमज.

ऋतुजानं सुरेशला औरंगपुऱ्याच्या बाजारात पिटाळलं, गयाआजींसाठी ज्येष्ठमध आण म्हणून. तो काय करणार? गेला, आणला, आणि त्या गर्दीत स्कूटरवर बसून रडून आला. पुडी माझ्या हातात दिली. मी ती चितेगावला पोचवली असं सांगितलं. "घेतात का त्या?" "घेतात तर." दुपारी सगळे आडवे झाले की मीच तोंडात एक काडी धरायचे. मेली गोड लागायची.

दहाव्याला तर कहरच. तुझ्या भावकीतले दादा अडून बसले, नातवानं केस द्यायलाच पाहिजेत. अमोल डोकं धरून ओट्यावर. केस दिले की ऋतुजाच्या समोर जाता येत नाही, नाही दिले की तुझ्यासाठी एवढंही केलं नाही.

"टोपी घाल की," दादा म्हणाले.

मी मुलीकडची, बोलायचा अधिकार नाही, तरी बोलले. "टोपी घालेल हो. मिशीला काय घालेल?"

दोघं-तिघं हसले, आणि लगेच ओशाळले. दादा मात्र न जेवता गेले. न्हाव्यानं नुसती चार केसांची बट कापली. गयाबाई, तुला चाललं असेल ना? तुझ्याकडून होकार घ्यायची सोय नाही, आणि मी तुझ्याच नावानं सगळीकडं होकार देत सुटले होते. "आजी असती तर हेच म्हणाली असती," असं मी म्हणायचे आणि सगळे मान डोलवायचे. तू काय म्हणाली असतीस, हे मला तरी कुठं ठाऊक?

रोज सकाळी मी ऋतुजाच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायचे. आकडा चढायचा. मी स्वयंपाकघरात जाऊन मीठ आणखी कमी करायचे, भाकरी तव्यावर टाकायचे, आणि तो आकडा काही माझं ऐकायचा नाही. माझा चेहरा बघून तर चढत नाही ना, असं वाटून मी हसतमुख राहायचे, आणि मी हसले की ती म्हणायची, "आजी, काय झालंय?" तुझा फोन येत नव्हता, म्हणून तुझा प्रश्न मीच विचारायला लागले. "हललं का गं आज?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा आवाज माझाच होता, पण हेल तुझा लागला. तिनं चमकून बघितलं. "हललं," म्हणाली. मला तुझ्यासारखं पटकन तोडता येईना. मी तिथंच उभी राहिले.

काल दुपारी तिचं डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं काजवे यायला लागले. दवाखान्यात नेलं आणि लगेच आत घेतलं. तुझं तेरावं अजून व्हायचं होतं. बाहेर अमोल, सुरेश, दोन्ही विहिणी, आणि मी. विहिणी पहिल्यांदाच एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. तू असतीस तर मला कोपर मारून दाखवलं असतंस. मी काहीच केलं नाही. मला काही करताच येत नव्हतं. नुसतं त्या बंद दाराकडं बघत होते.

मुलगी झाली. बेताच्या वजनाची. रडली, गयाबाई. आतून ऐकू आलं आणि अमोल भिंतीला टेकून खाली बसला. अशा बाळांची साखर एकदम उतरते म्हणून तिच्या टाचेला सुई टोचून बघतात. तिची ठीक निघाली. टोचल्यावर ती परत रडली, आणि नर्स म्हणाली, "आवाज आहे बाई हिला." कुणाचा ते सांगू का, असं माझ्या ओठावर आलं होतं.

मला वाटलं होतं, मूल बाहेर आलं की माझी सुटका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही, बीपी बाळंतपणानंतरही चढतं. पुढचे काही दिवस डोळ्यांत तेल घालून बघावं लागेल. म्हणजे घसा अजून थोडे दिवस बसवायचा. मी मनात वाक्य तयार केलं: गयाआजींना कळवलंय, त्या खूष आहेत, आवाज आला की बोलतील. दोनदा म्हणून बघितलं. चांगलं जमलं होतं.

आज सकाळी मला आत सोडलं. ऋतुजा उशाशी टेकून बसलेली, चेहरा सुजलेला, एका हाताला सलाइन, दुसऱ्या दंडाला पट्टा कायमचा बांधलेला. बाळ कुशीत. मी बाळाकडं बघितलं, कपाळावरून बोट फिरवलं.

"आजी, गयाआजींना कळवलंस?"

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, गयाबाई. पहिला शब्दसुद्धा बाहेर आला नाही. मी, जिनं अख्खी शाळा आवाजावर चालवली. ती माझ्याकडं बघत राहिली. नजर हलवेना.

आणि तेवढ्यात तिच्या दंडावरचा पट्टा आपोआप घुरघुर करत फुगायला लागला.

मी घाबरून त्या यंत्राकडं बघितलं. तिनंही बघितलं. मग बाळाला जवळ ओढून तिनं दुसरा हात, सलाइनचा, माझ्या हातावर ठेवला.

"थांब," ती म्हणाली. "आकडा येऊ दे. मग सांग."